काटाघरातल्या सह्या

परवा कोणीतरी एक स्मरणिका आणून दिली. आमच्या गावच्या, म्हणजे बोरी अरबच्या, महिला मंडळाची. गुळगुळीत कागद, पहिली चार पानं पुढाऱ्यांच्या फोटोंनी भरलेली, आणि पाचव्या पानावर एक वाक्य: 'शासनाने मंडळास ही ऐतिहासिक इमारत दिली.' दिली म्हणे! वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातला चहा तसाच गार झाला. अहो, मी त्या इमारतीत बारा वर्षं राहिले आहे. कोणी काही दिलं नाही. बायांनी घेतली. कशी घेतली ते स्मरणिकेत नाही, कारण ज्यांनी घेतली त्यांच्यातली एकही आता सांगायला उरली नाही. मी उरले आहे, तर मीच सांगते.

नाव मात्र मी कोणाचंच लिहिणार नाही. नाव घेणं ही त्या बायांसाठी केवढी गोष्ट होती ते पुढे येईलच. ती नावं त्यांच्याच तोंडी राहू देत.

इमारत म्हणजे काटाघर. गावाच्या टोकाला एक जिन होता, कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. त्याच्या फाटकाशी ही बसकी, लांबट इमारत. खाली काळा दगड, वर विटा, डोक्यावर कवेलू, म्हणजे कौलं. आत एक मोठी खोली आणि तिच्या सागवानी तुळईला मनगटाएवढा जाड लोखंडी आकडा. त्या आकड्याला काटा टांगलेला असायचा आणि खेड्यापाड्यांतून बैलबंड्या भरभरून आलेला कापूस तिथे मोजला जायचा. मागे एक लहान खोली, समोर ओसरी, आणि बाजूच्या भिंतीत गजांची एक खिडकी. ही खिडकी ध्यानात ठेवा. मी शाळेत जायला लागले तोवर जिन बंद पडला होता. यंत्रं गेली, काटा गेला. आकडा तेवढा राहिला, कारण तो काही केल्या तुळईतून निघेना.

मंडळ सुरू केलं डॉक्टरीणबाईंनी. त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या, गावातल्या एकुलत्या एक डॉक्टरांच्या बायको होत्या. नागपूरच्या, मॅट्रिक झालेल्या, आणि आवाज असा की ओसरीवरून बोलल्या तर बाजारातला माणूस मागे वळून पाहील. आधी मंडळ म्हणजे शनिवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर जमणाऱ्या आठ-दहा बाया. थोडं विणकाम, बऱ्याचशा चकाट्या आणि शेवटी हळदकुंकू. मग जिनाच्या मालकांनी काटाघराची किल्ली त्यांच्या हवाली केली. पडूनच होतं म्हणा. बायांनी चार दिवस लावून ते झाडलं, धुतलं, सारवलं. कोपऱ्याकोपऱ्यातून कापसाचे पुंजके निघाले, त्याच्या दोन उशा झाल्या. आणि तुळईच्या त्या आकड्याला त्यांनी जुन्या लुगड्याचा झोका बांधला. जिच्या कडेवर लेकरू असेल तिनं ते झोक्यात टाकावं आणि शिवायला बसावं. मला अजून नवल वाटतं, या बायांना कोणी काही शिकवलं नव्हतं, पण कोणत्या वस्तूचं काय करायचं ते त्यांना बरोबर सुचायचं.

आम्ही तिथे राहायला कसे आलो तेही सांगते. माझे बाबा गावच्या शाळेत मास्तर होते. मी आठ वर्षांची होते तेव्हा विषमज्वरानं गेले. शाळेचं घर सोडावं लागलं. ढाणकीचा मामा बंडी घेऊन न्यायला आला. मामा वाईट नव्हता हो, पण त्याच्या घरी माझी माय काय होणार होती ते आम्हा दोघींनाही कळत होतं. चुलीपाशी बसलेली, चांगल्या कामाच्या वेळी कोणाच्या नजरेस पडू नये अशी बाई. सामान चढलं होतं, बैल जुंपले होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाई तरातरा आल्या. म्हणाल्या, "भाऊ, सामान उतरवा. मास्तरीणबाई काटाघराच्या मागच्या खोलीत राहतील आणि आमच्या बायांना शिवण शिकवतील."

माय सातवी पास होती आणि तिला मशीन चालवता येत होतं. गावात तिला मास्तरीणबाई म्हणत ते मास्तरांची बायको म्हणून. बाबा गेल्यावर ती खरोखरीची मास्तरीण झाली. ती खुर्चीवर बसायची! गावातल्या मोठमोठ्या घरच्या बाया खाली सतरंजीवर आणि माझी माय खुर्चीवर, मशीनपाशी. मी दारातून पाहत राहायची.

फक्त शनिवारी शेवटी हळदकुंकवाचं तबक निघालं की माय उठायची आणि मागच्या पायरीवर जाऊन बसायची. तिला कोणी जा म्हणत नव्हतं. थांब असंही कोणी म्हणत नव्हतं.

छप्पन साली आमच्या गावच्या वस्तीतले लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, बौद्ध झाले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, एका शनिवारी, वस्तीतली एक बाई काटाघराच्या पायरीशी येऊन उभी राहिली. उंच, काळीसावळी, कपाळ मोकळं. तिनं याच जिनात अठरा वर्षं रेजा म्हणून काम केलं होतं, म्हणजे कापसाची गाठोडी डोक्यावर वाहून नेणारी मजूर बाई. मी तिला मावशी म्हणायला लागले ते पुढे. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "मले सही शिकाची हाये."

"मग बाहेर काय उभी? आत ये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती आत आली, सतरंजीवर बसली. दोघीजणी पदर आवरून लांब सरकल्या आणि पुढच्या शनिवारी आल्याच नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न येवोत. सतरंजी काही कमी पडत नाही." महिन्याभरानं त्या दोघी गुपचूप येऊन बसल्या. गावातली एकही बातमी कळेना, मग जातात कुठे!

पहिल्याच दिवशी तबक निघालं तेव्हा मावशीनं हात जोडले. "थे तुमचं तुमच्यापाशी ठेवा बाई. मले अक्षर पायजे." आणि उठून मागच्या पायरीवर आली. तिथे माय बसलेली.

"काहून वो मास्तरीणबाई, तुमी अथी काहून बसल्या?"

"मले चालत नाही ना."

मावशीनं थोडा विचार केला. "म्हंजे मले नको म्हनून मी उठली, अन् तुमाले देत नाईत म्हनून तुमी उठल्या. सरका मंग उलीशा, बसू दोघी."

माय हसली. बाबा गेल्यावर ती हसलेली मी त्या पायरीवर पहिल्यांदा पाहिली. नंतर तर दर शनिवारी त्या पायरीवर दोघींचं असं काही खुसुखुसु चालायचं, की आतल्या सवाष्णींना वाटायचं, आपलंच काहीतरी चुकून राहिलं.

साठ साल आलं, महाराष्ट्र राज्य झालं. त्याच सुमाराला जिनाचे मालक गाव सोडून गेले आणि काटाघर सरकारजमा झालं. आता ते कोणाला द्यायचं, असा प्रश्न निघाला. आमच्या मंडळाचा एक अर्ज गेला. दुसरा अर्ज बाजारातल्या चार अडत्यांचा. त्यांना तिथे वाचनालय काढायचं होतं. वाचनालय म्हणे! चौघं दुपारभर पत्ते कुटत बसायचे, ते सगळं गाव पाहत होतं. पत्त्यावरचे राजे-राण्याच वाचायच्या असतील.

एक दिवस बीडीओ साहेब जीपनं आले. पुण्याकडचे होते, नियमाला पक्के, बोलणं छापल्यासारखं. त्यांनी ओसरीवर उभ्यानंच सांगितलं, "मंडळाच्या तीस सज्ञान महिला सभासदांनी माझ्यासमोर स्वतःच्या हाताने सही करावी. पूर्ण नावानिशी. अंगठा चालणार नाही. तसे झाल्यास इमारत मंडळाची. अन्यथा दुसऱ्या अर्जाचा विचार होईल." दोन महिन्यांची मुदत दिली आणि जीप निघून गेली.

अडत्यांना हसू आवरेना. तीस बाया अन् सही! आमच्या मंडळात तेव्हा सही येणाऱ्या बाया पाच. माय त्या संध्याकाळी मागच्या खोलीत भाकरी थापता थापता थांबली आणि मला म्हणाली, "जागा गेली तं ढाणकीले जा लागन, बाई." बस, एवढंच. मी तेरा वर्षांची होते. मला ढाणकीचं गाव आवडायचं, पण मायची खुर्ची तिथे नव्हती. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवसापासून मायनं शिवणाचं मशीन झाकून ठेवलं आणि पंचवीस बायांना सही शिकवायला बसली. तिची रीत अशी: प्रत्येकीला एक सूप आणि मूठभर सरकी. सुपात खडूनं फिकट अक्षर काढून द्यायची आणि त्यावर एकेक सरकी मांडायला लावायची. जन्मभर निवडणं-टिपणं केलेली बोटं ती. पेन्सिल धरताना थरथरणाऱ्या बाया सरकीचं अक्षर असं नेटकं मांडायच्या की पाहत राहावं. सुपावर हात बसला की पाटी, पाटीनंतर कागद. तांड्यावरून एक बंजारी बाई यायची, हातभर बांगड्या खुळखुळवत. तिनं तर आपलं नाव आधी कापडावर टाक्यांनी भरलं आणि मग कागदावर लिहिलं. मावशीला तीन वर्षं झाली होती शिकायला लागून, ती आता दुसऱ्यांना दटवायची. "अवो बाप्पा, 'म'ले पोट कुठी हाये? उपाशी ठेवता काय त्याले?"

माय शिकवताना पाटीवर स्वतःची सही नमुना म्हणून काढायची आणि म्हणायची, "आधी आपलं नाव. मंग एक बोट ठेवायचं. मंग आडनाव." आणि सगळ्या बाया तसंच करायच्या. नाव लिहायच्या, डाव्या हाताचं बोट कागदावर टेकवायच्या, बोटाच्या पलीकडे आडनाव. बोट कशाला ठेवायचं, हे एकीनंही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? मधे नवऱ्याचं नाव असतं. आणि नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. ते तोंडानं घ्यायचं नाही, तर हातानं कसं लिहायचं? हे सगळं न बोलता सगळ्यांना कळत होतं, इतकं की ती जागा रिकामी आहे हेही आमच्या ध्यानात येणं बंद झालं होतं. सही अशीच असते, असं मलाही वाटायचं.

साहेब ठरल्या दिवशी आले. अडतेही ओसरीच्या कडेला येऊन बसले, मजा पाहायला. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या कागदावर तीस ओळी आखून, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'सौ.' आधीच लिहून ठेवलं होतं. एकेक बाई उठली, पेन धरला, बोट ठेवलं, सही केली. तिसावी सही झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ओसरीकडे असं पाहिलं की एका अडत्यानं मान खाली घातली.

साहेबांनी कागद उचलला. वर धरला. उजेडात नेला. पुन्हा टेबलावर ठेवला. "हे मध्ये काय राहिले आहे?"

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"प्रत्येक सहीत मधले नाव नाही. शाई पुसली गेली काय?"

साहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मॅट्रिक झालेल्या, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई! त्यांच्याही सहीत बोटभर जागा मोकळी होती. त्यांचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे, लाल लाल होऊन पदराचं टोक चिवळत बसल्या.

साहेब म्हणाले, "मी पूर्ण नाव म्हटले होते. हा कागद मला पुढे पाठवता येणार नाही." मग जरा थांबून, थोडे नरम पडून म्हणाले, "पुढच्या बाजाराच्या दिवशी मी याच रस्त्याने दारव्ह्याला जाणार आहे. तोवर पूर्ण करून ठेवा." ओसरीवर अडत्यांचं खिदळणं सुरू झालं ते जीप दिसेनाशी होईपर्यंत.

जीप गेली आणि मावशीला हसू फुटलं. पोट धरधरून हसली. "मले वाटे, सही अशीच रायते म्हून! मी म्हनो, हे बोट ठेवाचंबी सरकारनंच काढलं असन!" मग बाकीच्याही हसल्या, आणि हसता हसता एकीला रडू आलं, कारण आठ दिवसांत करायचं ते होणारं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंनीच मग तोड काढली. मला जवळ बोलावलं. "हिचं अक्षर मोत्यासारखं आहे. हिलाच सगळ्यांचं मधलं नाव त्या जागेत लिहू द्या. साहेबाला काय कळतंय?" बायांना हायसं वाटलं. मी तर फुलून गेले. हातात पाटी होती, तिच्यावर मायच्या सहीचा नमुना होता, मधली जागा मोकळी. मी पेन्सिल घेतली आणि माझं अक्षर दाखवायला म्हणून त्या जागेत बाबांचं नाव लिहिलं आणि मायपुढे पाटी धरली.

मायनं माझ्या थोबाडीत मारली. तिनं मला त्याआधी कधी बोटही लावलं नव्हतं. पदरानं तिनं ते नाव पुसलं आणि मग पदराकडे पाहतच राहिली. त्यावर पांढरी भुकटी लागली होती. ती तिनं झटकली नाही.

 मावशी म्हणाली, "पोट्टीले मारून काय होते? पन तिच्या हातानं लिवाचंबी नाई. दुसऱ्यानंच लिवाचं तं मंग अंगठ्यानं काय बिघडलं व्हतं?" आणि ती उठून त्या गजांच्या खिडकीपाशी गेली, जी मी ध्यानात ठेवायला सांगितली होती.

"हे खिडकी पाह्यता काय? जिन चालू व्हता तवा दर हप्त्याले रेजाईची लाइन अथी लागे. मुकादम अंदर बसे. त्याच्या वहीत आमचं नावच नाई! आमच्या मानसाचं नाव. अन् थे नाव तोंडानं सांगतल्याबिगर हप्ता देत नव्हता. पयल्या हप्त्याले मी रडत घरी गेली, रिकाम्या हातानं. घरी लेकरं उपाशी. दुसऱ्या हप्त्याले डोये मिटले अन् घेतलं. अठरा वर्सं घेतलं, दर हप्त्याले, जोरानं, गजाच्या अंदर आयकू जाईन असं. मंग मेले काय थे?" तिनं खिडकीतून बाहेर बोट केलं. "थे पाहा बसले. बिडी पिऊन राह्यले."

सगळ्या बाया खिडकीशी धावल्या. बाहेर निंबाच्या सावलीत मावशीचा नवरा खरंच बिडी ओढत बसला होता, तिला घरी न्यायला आलेला. तीस बाया गजांना तोंड लावून आपल्याकडे पाहतात म्हटल्यावर तो बिचारा घाबरून उभाच राहिला.

"दोन भाकरी जास्त खाते, कमी नाई," मावशी म्हणाली.

ते आठ दिवस मी जन्मात विसरणार नाही. काय काय केलं त्या बायांनी! एकीनं भिंतीकडे तोंड करून लिहिलं. एकीनं नवऱ्याला काहीतरी निमित्त काढून यवतमाळला पाठवलं, म्हणजे तो गावात नसताना लिहून होईल. एकीनं उखाणा घेत घेत लिहिलं, कारण उखाण्यात नाव चालतं. एकीनं रोज एकच अक्षर लिहिलं, दोन अक्षरांत एक दिवस जाऊ दिला आणि घरी जाऊन नवऱ्याला ताप तर नाही ना ते पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हात इतका कापला की त्यांच्या डॉक्टरांचं नाव पाण्यात पडल्यासारखं दिसत होतं. पण त्यांनी ते लिहिलं, आणि लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं. असल्या बाया होत्या त्या. भीती वाटत नव्हती म्हणून नाही, चळाचळा कापत होत्या आणि तरी लिहीत होत्या. कोणत्या पुढाऱ्यानं आपल्या खुर्चीसाठी एवढी हिंमत केली असेल, सांगा मला.

माय सगळ्यांजवळ बसायची, हात धरायची, धीर द्यायची. स्वतः मात्र पाटीवर नमुना काढला की बोटभर जागा सोडायचीच. तिला सही करायची नव्हतीच म्हणा. मंडळाच्या वहीत तिचं नाव नव्हतं. वहीत सगळ्या सौभाग्यवती.

एका दुपारी पायरीवर मावशी तिला म्हणाली, "तुमचे मास्तर तं गेले. तुमच्या नावानं आता त्याईचं काय कमी होईन? तुमाले कायचं भेव?"

मायनं हातातलं सरकीचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "थे होते तवा एक डाव नाही घेतलं नाव. तापात पडले होते, मले म्हनत, एकदा नावानं हाक मार. म्या नाही मारली. मले वाटे, वाचतीन. आता घेतलं तं तवा कायले नाही घेतलं?"

मावशीनं ते सूप आपल्या मांडीवर ओढलं आणि सरकी निवडायला लागली. 

बाजाराचा दिवस आला. साहेब आले. अडते आले, या वेळी हातात पत्त्यांचा जोड घेऊनच. नवा कागद, तीस ओळी, तीस 'सौ.' बाया एकेक उठल्या, पूर्ण सही केली, आणि साहेबांनी विचारलं की पूर्ण नाव तोंडानंही सांगितलं. बंजारी बाईनं तर इतक्या ठसक्यात सांगितलं की साहेब दचकले. एकोणतीस सह्या झाल्या. तिसावी बाई येईना. निरोप आला, तिचे दिवस भरले होते, पहाटेपासून कळा सुरू आहेत.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तीस म्हणजे तीस. मला दारव्ह्याला पोचायचे आहे." ओसरीवर कोणीतरी पत्ते पिसायला लागलं, तो आवाज आत ऐकू येत होता.

डॉक्टरीणबाई वळल्या. "मास्तरीणबाई, या."

माय भिंतीशी उभी होती. "वहीत माझं नाव नाही."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा कसासाच झाला. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी आहे. पाच वर्षं तुम्ही आम्हाला शिकवता, आणि मला ते सुचलं नाही. मला लाज वाटते." त्यांनी वही उघडून मायचं नाव चढवलं, मग कागदावरच्या तिसाव्या ओळीतलं 'सौ.' खोडलं आणि तिथे 'श्रीमती' लिहिलं. त्या दिवसापासून त्या बाईंबद्दल माझ्या मनात जो मान आहे तो आजतागायत तसाच आहे.

माय टेबलाशी आली. पेन घेतला. आपलं नाव लिहिलं. हाताच्या सवयीनं बोट ठेवलं, आडनाव लिहिलं. आणि थांबली. मी झोक्याला धरून उभी होते.  आता ही पेन ठेवणार, उद्या सामान बंडीत चढणार, ढाणकी.

तिनं बोट उचललं. खाली वाकली. त्या एवढ्याशा जागेत तिनं बाबांचं नाव लिहिलं, सरकीच्या दाण्यासारखी बारीक बारीक अक्षरं, एकमेकांना खेटून. लिहिताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

साहेबांनी कागद जवळ नेला. चष्मा सरकवला. त्यांचा काही दोष नाही, त्यांना खरंच लागत नव्हतं. "मधले नाव फार बारीक झाले आहे. वाचून दाखवा."

मायनं एकदा मावशीकडे पाहिलं. मावशीनं मान हलवली. आणि मायनं नाव घेतलं. वाचलं नाही हो तिनं ते. हाक मारावी तसं घेतलं, लांबच्या माणसाला ऐकू जाईल असं. पत्ते पिसण्याचा आवाज थांबला. आणि मी, खोटं नाही सांगत, वळून दाराकडे पाहिलं. तेरा वर्षांची घोडी मी, बाबा गेले ते माझ्या डोळ्यांसमोर, तरी पाहिलं. पुन्हा वळले तर मायही दाराकडेच पाहत होती.

साहेबांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "पूर्ण झाले." जीपकडे जाताना त्यांनी मायला नमस्कार केला, हे मी पाहिलं. महिन्याभरात काटाघर मंडळाच्या नावावर झालं. अडत्यांनी आपला डाव दुसऱ्या ओसरीवर मांडला. कळा येत होत्या त्या बाईला मुलगी झाली आणि ती त्याच आकड्याच्या झोक्यात वाढली. तिच्या बारशाच्या शनिवारी तबक निघालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ते परत फडताळात ठेवून दिलं आणि सगळ्यांना तिळगुळासारखा नुसता गूळ वाटला. मागच्या पायरीवर त्यानंतर कोणी बसलं नाही. मावशी मात्र कधी कधी मुद्दाम जाऊन बसायची, म्हणायची, जागेची सवय झाली.

म्हणून म्हणते, 'दिली' नाही. स्मरणिकेच्या संपादकांना मी तसं पत्र लिहिलं आहे, चांगलं खरमरीत. खाली सही केली. माझ्या सहीत मधे बाबांचं नाव आहे. लग्न झालं तेव्हा सासरी पुष्कळ आरडाओरडा झाला, नवऱ्याचं नाव लाव म्हणून. मी नाही लावलं. माझ्या मायनं जे नाव जन्मात एकदाच घेतलं, ते मी कशी सोडू?